वाचून दाखवलेलं पान

एकोडी, ता. साकोली
९ जून २०२३

प्रिय रुचिकाताई,

नमस्कार. माह्या हातचं पत्र पाहून तुले नवल वाटंल. शाळेतल्यासारखं शुद्ध लिहायला बसलो की पेन अडते, म्हणून बोलतो तसंच लिहून राहिलो. फोन केला असता, पण घरात माह्या फोनले सगळ्यांचे हात लागतात. आणि खरं सांगू, हे तोंडानं सांगणं मले जमत नाही.

लग्नाले सात वर्षं झाली. या सात वर्षांत रिताच्या किती तपासण्या झाल्या ते तुह्या कानावर आलंच असंल. भंडाऱ्याच्या दोन डॉक्टरिणी झाल्या, नागपूरचा एक झाला. दुर्बिणीनं पोट पाहिलं, नळ्यांत औषध सोडून फोटो काढले. सगळ्यांनी लिहिलं, काही दोष नाही. तरी आई तिले दर सोमवारी आणि शनिवारी उपाशी ठेवते, आणि देवाजीकाका कुठून कुठून झाडाची मुळी आणून देतो. ती मुकाट्यानं पिते.

मार्च महिन्यात नागपूरच्या डॉक्टरनं मले विचारलं, "तुमची तपासणी कधी केली?" मी म्हटलं, "माही कायले?" तो हसला नाही. दोन वेळा तपासणी केली. दोन्ही वेळा शुक्राणू एकही नाही. मग मे महिन्यात अंडकोषाचा बारीक तुकडा काढला. घरी मी हर्नियाचं सांगितलं. रितालेही तेच सांगितलं.

रिपोर्ट इंग्रजीत आहे, झेरॉक्स सोबत जोडली आहे. डॉक्टर म्हणाला, "शुक्राणू बनवणाऱ्या पेशी दिसत नाहीत, फक्त सर्टोली पेशी दिसतात." मी विचारलं, सर्टोली म्हणजे कोण? तो म्हणाला, आधार देणाऱ्या. तेवढ्यात पुढचा पेशंट आत आला.

ताई, तू याच पेशींवर तिकडे हैदराबादले दहा वर्षांपासून काम करून राहिली ना? माहे बाबा गोपीचंद जिवंत होते तेव्हा सगळ्यांले सांगत, माह्या साळ्याची पोरगी उंदरांच्या अंडकोषात काय पाहते देव जाणे. तेव्हा आम्ही हसत होतो. आता तूच मले समजावून सांग. मी संपलो का? की काही उरलं आहे?

उत्तर घरी पाठवजो नको. सानगडीच्या माह्या मोटार वायंडिंगच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवजो.

तुझा भाऊ,
धर्मेंद्र


हैदराबाद
१९ जून २०२३

प्रिय धर्मेंद्र,

तुझं पत्र मिळालं. रिपोर्ट दोनदा वाचला, शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यालाही नाव झाकून दाखवला. मी पेशंट तपासणारी डॉक्टर नाही, हे आधी लक्षात घे. पण त्या काचेवर काय दिसलं असेल ते मी तुला नक्की सांगू शकते, कारण रोज तेच बघते.

अंडकोषात केसासारख्या बारीक नळ्यांची गुंतवळ असते. प्रत्येक नळीच्या भिंतीला आतून उंच उंच पेशी उभ्या असतात, त्याच सर्टोली पेशी. मराठीत आधारपेशी म्हण. त्यांच्या अंगाला कपाऱ्या असतात आणि त्या कपाऱ्यांमध्ये शुक्राणूंच्या मूळ पेशींची पिल्लं बसलेली असतात. आधारपेशी त्यांना खाऊ घालते, हळूहळू वर सरकवते, त्यांचं उरलंसुरलं, मेलेलं स्वतः गिळून जागा साफ करते. शेजारच्या दोन आधारपेशी एकमेकींना इतक्या घट्ट धरून असतात की रक्तातलं काही आत घुसत नाही. तसं नसेल तर शरीर आपल्याच पिल्लांना परकी समजून मारून टाकेल. मूळ पेशीपासून शेपटीवाला शुक्राणू व्हायला अडीच महिने लागतात. तेवढा काळ ती पिल्लं या आधारपेशीच्या ओटीत असतात.

तू विचारलंस, मी संपलो का. नाही. तुझ्या आधारपेशी जिवंत आहेत, आपापल्या जागेवर आहेत, त्यांचं काम करायला तयार आहेत. पुरुषाला पुरुष करणारा रस नळ्यांच्या बाहेरच्या पेशींत तयार होतो. त्याचा आकडा तुझ्या रिपोर्टमध्ये अगदी योग्य आहे. तुझ्या अंगात, ताकदीत, पुरुषपणात काहीही कमी नाही. हे मी अभ्यासानं सांगते आहे, बहीण म्हणून नव्हे.

हा दुसरा कागद घेतला आहे. आता कठीण भाग, शांत बसून वाच. त्या आधारपेशींच्या ओट्या रिकाम्या आहेत. ज्या मूळ पेशींपासून शुक्राणू होतात त्या, काढलेल्या तुकड्यात एकही नाहीत. आधारपेशी कितीही चांगल्या असल्या तरी त्या स्वतः शुक्राणू बनू शकत नाहीत. तुझ्या रक्तात एक संप्रेरक फार वाढलेलं आहे, ते त्यामुळेच. नळ्या रिकाम्या आहेत हे वर मेंदूपर्यंत कळतं आणि तो आधारपेशींना सारखा हुकूम सोडत राहतो, आणखी काम करा, आणखी काम करा. त्यांच्या हातात काही नसतं.

म्हणून नैसर्गिकरीत्या तुला मूल होणार नाही. मूल न होण्याचं कारण तुझ्यात आहे, रितामध्ये नाही. हे मी गोल गोल करून सांगणार नाही.

असं का झालं? तू दहावीत असताना तुला गालगुंड झालं होतं आणि खालीही सूज आली होती, आठ दिवस तू चालू शकत नव्हतास. आत्यानं, तुझ्या आईनं, लाजेपायी कुणाला दाखवलं नाही. त्यानंच झालं असेल असं खात्रीनं म्हणता येत नाही, पण होऊ शकतं.

आशा थोडी आहे. कधी कधी सगळ्या नळ्या रिकाम्या नसतात. एखाद्या कोपऱ्यात चार-दोन नळ्यांत मूळ पेशी उरतात. सूक्ष्मदर्शकाखाली शस्त्रक्रिया करून त्या शोधतात. तीन-चार माणसांत एखाद्याला सापडतात. त्याआधी रक्ताची एक आनुवंशिक तपासणी करावी लागते. डॉक्टरला तिच्याबद्दल विचार.

पण सगळ्यांत आधी रिताला सांग. आज सांग. तिचे उपास आणि मुळ्या आजच्या आज बंद व्हायला हव्यात.

तुझी,
रुचिकाताई


सानगडी
४ जुलै २०२३

प्रिय ताई,

तुहं पत्र मिळालं. चार वेळा वाचलं. तू लिहिलं ते समजलं.

रविवारी घरी बैठक बसली होती. देवाजीकाका, आई, मोठे मामा, सगळे होते. रिताच्या माहेरचेही दोघं आले होते. तिथं तुहं पत्र वाचलं. देवाजीकाकानं मोठ्यानं वाचून दाखवलं. आईच्या डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाली, रुचिकानं मोठे उपकार केले, मनावरचा दगड काढला.

धानाची रोवणी सुरू झाली आहे. बांधीत पाणी चांगलं आहे. पंपांच्या मोटारीही जळून राहिल्या रोज दोन-चार, दुकानात श्वास घ्यायला फुरसत नाही, म्हणून थोडक्यात लिहितो.

तुझा,
धर्मेंद्र


हैदराबाद
१२ जुलै २०२३

धर्मेंद्र,

तुझं पत्र वाचून मी प्रयोगशाळेतून बाहेर येऊन जिन्यात बसले. चारचौघांत, देवाजीकाकांच्या तोंडून तू हे वाचून घेतलंस! मला वाटलं होतं तू फार तर रिताला कोपऱ्यात सांगशील. आपल्याकडचा एक पुरुष हे करू शकतो, यावर माझा विश्वास नव्हता. चूक झाली, माफ कर.

आत्याचा निरोप वाचून गहिवरून आलं. रिताला माझ्याकडून जवळ घे. आणि ती रक्ताची तपासणी विसरू नकोस.

रुचिकाताई


भंडारा
२७ नोव्हेंबर २०२३

आदरणीय रुचिकाताई यांस,
रिताचा सप्रेम नमस्कार.

तुमचा पत्ता मी लग्नातल्या आहेराच्या पाकिटावरून घेतला. सात वर्षांत आपण तीनदा भेटलो असू. तुम्ही माझ्याशी बरोबरीच्या मैत्रिणीसारखं बोलत होत्या, म्हणून लिहायची हिंमत केली.

मी जुलैपासून भंडाऱ्याला माहेरी आहे. २ जुलैला एकोडीला बैठक झाली. त्या बैठकीत तुमचं पत्र वाचण्यात आलं. मी दाराआड उभी होती. देवाजीकाकांनी वाचलं की आधारपेशी जिवंत आहेत, काम करायला तयार आहेत, पुरुषपणात काही कमी नाही, हे मी अभ्यासानं सांगते. वाचून झाल्यावर कागद हातात उंच धरून ते म्हणाले, "हैदराबादच्या डॉक्टरणीनं लिहून देल्लं. आता बोला." माझ्या वडिलांना वाटलं, एवढ्या शिकलेल्या बाईनं लिहिलं म्हणजे खरंच असेल.

सासूबाई म्हणाल्या, "सात वर्षं खाऊ घातलं. आता माह्या पोराची जिंदगी कायले खराब करते?" दुसऱ्या दिवशी वडिलांनी माझी पेटी एसटीत चढवली.

दिवाळीला कोणी घ्यायला आलं नाही. आता ऐकते की सानगडीच्या डिंपल नावाच्या मुलीशी त्यांची बोलणी ठरली आहे. सोडचिठ्ठीचा कागद तयार करून राहिले आहेत. त्यात कारण लिहिलं आहे, बायकोला मूल होत नाही.

ताई, मला तुमच्याकडून एकच गोष्ट पाहिजे. तुम्ही लिहिलेलं पत्र तेवढंच होतं का? हो किंवा नाही, एवढं लिहून पाठवलं तरी चालेल.

तुमची,
रिता


हैदराबाद
४ डिसेंबर २०२३

धर्मेंद्र,

रिताचं पत्र आलं. त्यामुळे आता मला कळलं की ४ जुलैच्या तुझ्या पत्रात एकही वाक्य खोटं नव्हतं. पत्र वाचलं होतं. आत्या रडली होती. मोटारी जळत होत्या. तू फक्त एक कागद खिशात ठेवलास.

मी स्वतःलाही सोडत नाही. चांगली बातमी आधी सांगावी असं ठरवून मी लिहिलं आणि कडू भाग दुसऱ्या कागदावर ढकलला. तुला बरं वाटावं म्हणून जरा गोडही लिहिलं. रिकाम्या नळ्यांतल्या आधारपेशी कामाला तयार आहेत, असं कुणीही छातीठोक सांगू शकत नाही. बरेचदा त्या स्वतःच बिघडलेल्या असतात. मला हे ठाऊक होतं. तरी मी लिहिलं, आणि त्याच वाक्यावर एका बाईला घराबाहेर काढलं.

आता ऐक. तुझा आजार ही तुझी खासगी गोष्ट आहे. मी गावात, तुझ्या मामांकडे, आत्याकडे एक शब्द बोलणार नाही. पण पत्र माझं आहे. माझ्या नावानं ते अर्धं वाचलं गेलं. ज्या बाईच्या विरुद्ध ते वाचलं गेलं तिला ते पूर्ण वाचायचा हक्क आहे. मी तुला पंधरा दिवस देते. तू भंडाऱ्याला जा आणि तिला स्वतःच्या तोंडानं सांग. नाही गेलास तर मी माझ्या वहीतली दुसऱ्या कागदाची प्रत तिला पाठवीन.

आणि त्या डिंपलचं काय? तिलाही सात वर्षं मुळ्या पाजणार आहात का?

रुचिका


सानगडी
१६ डिसेंबर २०२३

ताई,

तू धमकी देल्ली. ठीक आहे.

तुले वाटत असंल मी ठरवून केलं. मी ठरवून नाही केलं. त्या दिवशी दोन्ही कागद माह्या शर्टाच्या खिशात होते. काकानं दुकानात पाकीट येताना पाहिलं होतं, तो म्हणाला, काय आलं हैदराबादहून, दाखव. मी पहिला कागद देल्ला. मनात होतं की हा वाचून झाला की दुसरा देऊ. काका वाचत गेला आणि आई रडाले लागली. बाबा गेले तेव्हापासून मी आईले असं हसत रडताना पाहिलं नव्हतं. मामानं माह्या पाठीवर हात ठेवला. म्हणाला, "वाघ आहे आमचा." ताई, मग दुसरा कागद निघालाच नाही. हात खिशापर्यंत गेला आणि थांबला.

रिता दाराआड होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

तू तिकडे बसून उंदराच्या पेशी मोजते. इथं मले रोज दुकानात बसावं लागते. मोटार घेऊन येणारा प्रत्येक माणूस आधी विचारतो, "काही गोड बातमी?" सात वर्षं मी हे ऐकून राहिलो. रितालेही ऐकावं लागलं, मी नाही म्हणत नाही. पण बाईची गोष्ट वेगळी असते. बाईले लोक बिचारी म्हणतात. माणसाले काय म्हणतात ते तुले माहीत आहे.

डिंपलबद्दल मी हाव म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. आईनं ठरवलं. दोन-तीन वर्षं जातील, मग पाहता येईल.

भंडाऱ्याले मी गेलो होतो. परवा. बसस्टँडवर उतरलो, रिक्षात बसलो, तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. मग रिक्षावाल्याले म्हटलं, परत घे.

तुले जे करायचं ते कर.

धर्मेंद्र


हैदराबाद
२६ डिसेंबर २०२३

प्रिय रिता,

तू विचारलंस, पत्र तेवढंच होतं का. नाही. पत्राचे दोन कागद होते. बैठकीत पहिला वाचला गेला. दुसऱ्याची माझ्या वहीतली प्रत सोबत पाठवते आहे. ती वाचून तुला कळेल की मूल न होण्याचं कारण तुझ्यात नव्हतं आणि नाही. हे मी जूनमध्येच धर्मेंद्रला लिहिलं होतं आणि तुला त्याच दिवशी सांग असंही लिहिलं होतं.

उत्तर द्यायला महिना लागला, कारण त्यानं स्वतः सांगावं म्हणून मी थांबले होते. ते थांबणंही चुकलंच. तुझ्या आयुष्यातला आणखी एक महिना मी त्याला दिला.

जुलैत त्याचं पत्र आलं तेव्हा मी त्याची पाठ थोपटली. त्याऐवजी तुला एक फोन केला असता तर सगळं त्याच आठवड्यात उघड झालं असतं. माझ्या मनातही आलं नाही. मी त्याच्या पेशींचा विचार करत बसले.

या कागदाचं काय करायचं ते तू ठरव. वकिलाला दाखव, काकांच्या दारावर चिकटव, फाडून टाक. माझी सही खाली आहे. कोर्टात यावं लागलं तर मी येईन.

तुझी,
रुचिका


भंडारा
१५ जानेवारी २०२४

रुचिकाताई,

कागद मिळाला. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. मी तुमच्यापासून एक गोष्ट लपवली, ती आज सांगते.

मला माहीत होतं. जूनमध्येच माहीत होतं. ते नागपूरहून आले तेव्हा हर्नियाचं सांगितलं, पण टाके कुठे आहेत ते मी पाहिलं होतं. बायको आहे मी. एक दिवस दुकानात डबा घेऊन गेली, ते मोटार उतरवायला बाहेर गेले होते. तांब्याच्या तारेच्या रिळांमागे फाईल होती. मी बी.ए. झालेली आहे, इंग्रजी सावकाश वाचता येतं. एका ओळीखाली त्यांनी पेननं रेघ मारली होती. सर्टोली हा शब्द मी घरी येऊन मोबाईलवर पाहिला. तुम्ही लिहिलं आहे तेच तिथंही होतं, फक्त इतकं समजेल असं नव्हतं.

मी बोलली नाही. वाटलं, माणसाला एवढी मोठी गोष्ट कळली आहे, सांगायला वेळ लागेल. त्या दिवसांत मी त्यांच्या आवडीची भाजी करत होती, त्यांच्यावर चिडत नव्हती. सासूबाईंनी मुळीचा काढा दिला की पीत होती. आता त्याचा काही उपयोग नाही हे माहीत असून पीत होती, कारण नाही म्हटलं तर का म्हणून विचारलं असतं.

बैठकीत काका वाचत होते तेव्हा मला समजलं की पत्र अर्धं आहे. मधेच तोडल्यासारखं संपलं. मी दारातून त्यांच्याकडे पाहत राहिली. एकदा वर बघतील, मग मला पाहून बोलतील. ते जमिनीकडे पाहत होते. मी तोंड उघडलं असतं तर त्याच मिनिटाला सगळं संपलं असतं. पण भर बैठकीत बायकोच्या तोंडून नवऱ्याचं असं निघालं, तर तो माणूस गावात पुन्हा उभा राहू शकला नसता. मी त्यांची लाज राखली, ताई. आणि त्यांनी मला एसटीत बसू दिलं.

तुम्हाला मी "तेवढंच होतं का" असं विचारलं, कारण मला पाहायचं होतं की तुम्ही त्यांच्या बाजूच्या आहात की काय.

तुमचा कागद घेऊन मी कुठे गेली ते सांगते. वकिलाकडे नाही, काकांकडे नाही. सानगडीला गेली. शुक्रवारी डिंपलच्या घरचे शेतावर होते, ती एकटी होती. एकवीस वर्षांची आहे. मी नाव सांगितलं तर तिनं दार लावायला घेतलं. मी म्हटलं, "भांडायला नाही आली. हे वाच आणि मला परत दे." तिनं उंबरठ्यावर बसून वाचलं. मग विचारलं, "तुमच्या सोडचिठ्ठीचा कागद झाला?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "आमाले तर सांगितलं का बाई पागल होती, पळून गेली." मग तिनं मला पाणी दिलं.

बोलणी मोडली. तिनं घरी काय सांगितलं माहीत नाही, पण कागदाचं नाव काढलं नाही. गावात असं झालं की पहिलीनं जाऊन तमाशा केला, पोरगी घाबरली. म्हणजे त्यांचं नाव अजूनही साफ आहे. आधी मी राखलं, आता ती राखून राहिली.

सोडचिठ्ठीला मी तयार आहे. फक्त कारणाची ओळ खोडायला लावली. आता तिथं "पटत नाही" असं लिहिलं आहे.

रिता


सानगडी
८ सप्टेंबर २०२४

ताई,

नऊ महिन्यांनी लिहून राहिलो. मागच्या पत्राबद्दल माफी मागायचं तोंड नाही.

सोडचिठ्ठी ऑगस्टमध्ये झाली. कोर्टात रिता माह्या बाजूच्या बाकावर बसली होती. जज साहेबानं विचारलं, "विचार केला का?" ती म्हणाली, "केला." मीही म्हणालो, "केला." तेवढंच.

त्यानंतर आठ दिवसांनी मी नागपूरले गेलो. कोणाले सांगितलं नाही. तू लिहिलेली रक्ताची तपासणी केली, ती चांगली निघाली. मग दुसऱ्या डॉक्टरनं सूक्ष्मदर्शकाखाली शस्त्रक्रिया केली. चार तास लागले. उजवीकडे काहीच नव्हतं. डावीकडे, डॉक्टर म्हणाला, सगळ्या नळ्या चपट्या होत्या, पण एका कोपऱ्यात दोन-तीन नळ्या जरा फुगीर दिसल्या. त्या उघडल्या. ताई, त्यात होते. त्यानं मले पडद्यावर दाखवलं. आधारपेशीले चिकटून डोकी खाली, शेपट्या बाहेर. जिवंत. तीन बारीक नळकांड्यांत भरून गोठवून ठेवले आहेत.

मी पडद्यासमोर रडलो. डॉक्टरनं पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "आता पुढच्या वेळी मिसेसले घेऊन या. त्यांच्या तपासण्या सुरू करू."

मी म्हटलं, त्यांच्या सगळ्या तपासण्या झाल्या आहेत. सगळ्या चांगल्या आहेत.

आईले मी सांगितलं. सगळं सांगितलं, गालगुंडापासून. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे कोणाले बोलू नको. रिताले परत आण. पोर झाल्यावर लोक सगळं विसरतात."

ताई, तू तिले लिहून पाहशील? तुहं ती ऐकंल. मी तिच्या पायावर डोकं ठेवाले तयार आहो. दुसऱ्या कोणासोबत मले हे नाही पाहिजे.

धर्मेंद्र


भंडारा
२ ऑक्टोबर २०२४

प्रिय रुचिकाताई,

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही माझ्या बाजूनं किंवा त्यांच्या बाजूनं एक शब्द लिहिला नाही, त्यांचं पत्र तसंच जोडून पाठवलं, ते बरं केलं.

मी आता भांड्यांच्या दुकानात कामाला जाते. सकाळी दहा ते संध्याकाळी सात. पाण्याचे पितळी गुंड, घंगाळ, पराती. लग्नसराईत गर्दी असते. मुलींच्या आया भांडं वाजवून वाजवून घेतात. मला कोणी काही विचारत नाही. विचारलं तर सांगते, सोडचिठ्ठी झाली, पटलं नाही.

त्यांच्या नळ्यांत काही सापडलं, हे वाचून मला आनंद झाला. खोटं नाही सांगत. चार तास टेबलावर पडून राहणं सोपं नाही. मी पडली आहे, मला माहीत आहे.

पण ताई, त्यांनी हे पत्र तुम्हाला लिहिलं. गेल्या वर्षीच्या जुलैपासून आजपर्यंत त्यांनी मला एक ओळ लिहिली नाही. पायावर डोकं ठेवायला तयार आहे, हेही तुम्हालाच लिहिलं. आमची गल्ली त्यांना माहीत आहे.

माझं उत्तर नाही असं आहे. त्यांनी कारण विचारलं तर हे सांगा.

मला मूल पाहिजे होतं. अजूनही पाहिजे. दुकानात एखादी बाई लेकरू कडेवर घेऊन येते तेव्हा मी भांडं पुसायचं थांबवते. पण मी एकोडीला परत गेली आणि तिथं मूल झालं, तर बाराव्या दिवशी पाळण्याजवळ काय बोलणं होईल ते मला आत्ताच ऐकू येतं. देवाजीकाका म्हणतील, माहेरी राहून इलाज केला, शेवटी मुळी लागू पडली. सासूबाई म्हणतील, पाहा, दोष हिच्यातच होता, बरी झाली. सगळे हो म्हणतील. आणि ते पाळण्याची दोरी धरून जमिनीकडे पाहत बसतील.

ते लेकरू माझ्याविरुद्धची साक्ष म्हणून जन्माला येईल, ताई. तसं मला नको.

तुमची,
रिता